‘माझा विचार चुकीचा नाही, परिस्थितीच वाईट आहे’ म्हणणाऱ्या तरुणासोबत सीबीटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक समाजकार्यकर्ती १८ ते २५ वयोगटातील तरुणांसोबत काम करते. त्यांपैकी कोणी बालगृहातून बाहेर पडलेला आहे, कोणी शिक्षण अर्धवट सोडलेले आहे, कोणावर किरकोळ गुन्हा नोंदलेला आहे, तर कोणी नशेच्या अगदी कडेवर उभा आहे. तिने बोधात्मक वर्तनोपचाराचे, म्हणजे विचार आणि वागणे यांचा संबंध तपासून ते बदलायला मदत करणाऱ्या सीबीटी या पद्धतीचे, काही दिवसांचे प्रशिक्षण घेतले आहे. पण तरुण विचारनोंदीचे, म्हणजे प्रसंग आणि त्या वेळी मनात आलेला विचार लिहून काढण्याचे, कागद भरून आणत नाहीत, ठरल्या वेळी येत नाहीत, आणि एकाने तर तिला तोंडावर सांगितले, “माझा विचार चुकीचा नाही, माझी परिस्थितीच वाईट आहे.” अशा तरुणांसोबत ही पद्धत वापरावी का, की वापरताना आपण परिस्थितीचे खापर त्यांच्याच डोक्यावर फोडतो, असे तिने विचारले आहे.

पद्धत जरूर वापरावी, पण तो तरुण जे म्हणाला ते आधी मान्य करावे, असे माझे उत्तर आहे. या क्षेत्रात २२ वर्षे काम केल्यावर मला असे दिसते की, आपल्याकडे येणाऱ्या तरुणांचे बरेचसे कटू विचार खरे असतात, किंवा कधीकाळी तरी पूर्णपणे खरे होते. ‘माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही’ हा विचार गुन्ह्याची नोंद असलेल्या तरुणाच्या मनात येतो, तेव्हा तो विकृत नसतो. त्या तरुणाने तो अनुभवातून कमावलेला असतो. अशा वेळी ‘याला पुरावा काय?’ असे विचारणारी कार्यकर्ती त्याला भाबडी तरी वाटते किंवा लबाड तरी.

ही अडचण पद्धतीच्या जन्मातूनच आली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर आणि मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६० च्या दशकात हे विचार मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर बसलेला माणूस बहुधा स्वतःहून उपचारासाठी आलेला, ठरलेल्या वेळी येऊ शकणारा आणि घरी जाऊन वहीत लिहू शकणारा असे. बेक यांच्या नैराश्यग्रस्त रुग्णांचे विचार वस्तुस्थितीपेक्षा कितीतरी काळे होते, म्हणून ते वस्तुस्थितीशी ताडून पाहण्याला तेथे अर्थ होता. आपला तरुण बहुधा कोणीतरी पाठवला म्हणून आलेला असतो आणि त्याची वस्तुस्थितीच काळी असते. त्यामुळे पद्धतीचा गाभा ठेवून तिची मांडणी बदलावी लागते. गाभा एवढाच: प्रसंग, त्या क्षणी मनात आपोआप उमटणारा विचार, शरीरातील भावना आणि हातून घडणारी कृती यांची एक साखळी असते, आणि ती साखळी दिसू लागली की तिची एखादी कडी बदलता येते. कोणती कडी बदलायची, हे मात्र आधी ठरलेले नसते. दवाखान्यात बहुतेकदा विचाराच्या कडीला हात घातला जातो. समाजकार्यात मी कृतीपासून आणि कित्येकदा थेट प्रसंगापासून सुरुवात करते.

एक उदाहरण जरा जवळून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एकवीस वर्षांचा एक तरुण संस्थेतून बाहेर पडल्यावर तीन वर्षांत सहावी नोकरी सोडून आला होता. त्याच्या नोंदवहीत आधीच्या कार्यकर्त्याने ‘राग अनावर, जबाबदारीची जाणीव नाही’ असे लिहिले होते. काय झाले असे विचारल्यावर तो म्हणाला, “काही नाही. मुकादम बोलला, मी निघालो.” नवखा कार्यकर्ता येथे रागावर नियंत्रण कसे ठेवावे हे सांगू लागतो. मी फक्त तो क्षण सावकाश उलगडत गेले.

“नेमकं काय बोलला?”
“‘तुला सांगून काय उपयोग,’ म्हणाला.”
“ते ऐकल्यावर अंगात पहिल्यांदा काय झालं?”
“कान तापले.”
“आणि मनात कोणतं वाक्य आलं?”

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “आता हा मला सगळ्यांसमोर काढणार. त्याआधी मीच जातो.”

त्या एका वाक्यात सहाही नोकऱ्यांचा उलगडा होता. लहानपणी त्याची राहण्याची जागा चार वेळा बदलली गेली होती आणि एकदाही त्याला आधी सांगितले गेले नव्हते. कोणाचा आवाज चढला की आपल्याला येथून हलवणार, हा त्याचा अंदाज तेथे अचूक ठरत असे; हलवले जाण्याआधी आपणच उठून जाणे हा त्याच्या हाती असलेला एकमेव मान होता. अशा अंदाजाला मी चूक कशी म्हणणार? मी त्याला एवढेच विचारले की, या सहा नोकऱ्यांपैकी किती ठिकाणांहून त्याला खरोखर काढले होते. त्याने बोटांवर मोजले. एका ठिकाणाहून काढले होते, पाच त्याने स्वतः सोडल्या होत्या. “म्हणजे पाच वेळा त्यांचं काम मीच सोपं केलं,” असे तो हसत म्हणाला. पण ते हसू फार वेळ टिकले नाही. पुराव्याची तपासणी ती हीच, पण ती त्याने केली होती, त्याच्या बोटांवर. मी ती कागदावर आखून दिली असती तर तो बहुधा सातवी नोकरी सोडावी तसा निघून गेला असता.

त्यानंतरचे काम विचारावर कमी आणि सरावावर जास्त होते. कान तापले ही खूण ठरली. ती जाणवली की हातातील वस्तू खाली ठेवायची, एक श्वास सावकाश सोडायचा आणि एकच वाक्य बोलायचे: “नेमकं काय चुकलं ते सांगा.” हे वाक्य त्यानेच निवडले, माझे पहिले वाक्य त्याला ‘फार गोड’ वाटले होते आणि तो बरोबर होता. पुढे मी मुकादम झाले आणि त्याच्यावर ओरडले. “ताई, तुम्हाला ओरडताच येत नाही,” असे म्हणून त्याने माझी सुट्टी केली, तेव्हा कारखान्यात काम केलेल्या एका सहकाऱ्याला ती भूमिका दिली. त्याच्यासमोर पहिल्या तीन वेळा मुलगा खरोखरच दारापर्यंत गेला. पाचव्या खेपेला थांबला. सातवी नोकरी आठ महिने टिकली, त्यात एकदा हाणामारीही झाली, आणि शेवटी त्याने ती रीतसर कळवून सोडली. माझ्या लेखी हे यश आहे.

या कामामागील तत्त्व शिकागोतील शाळकरी मुलांसाठीच्या ‘बिकमिंग अ मॅन’ या कार्यक्रमातील एका खेळातून चांगले कळते. मुलांच्या जोड्या करतात, एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला तो ३० सेकंदांत मिळवायला सांगतात. बहुतेक मुले झटापट करतात. मग गटप्रमुख विचारतो, “तुमच्यापैकी कोणी चेंडू मागून का पाहिला नाही?” मुले म्हणतात, मागितला असता तर त्याने दिला नसता, उलट मला कच्चा समजला असता. मग जोडीदाराला विचारले जाते, आणि तो म्हणतो की दिला असता, चेंडूच तर आहे. येथे कोणी मुलांना शांततेचा उपदेश करत नाही. रस्त्यावर पटकन मूठ उगारणे कधीकधी शहाणपणाचे असते, हे गृहीतच धरलेले असते. प्रश्न इतकाच की तीच सवय वर्गात किंवा कामाच्या जागी आपोआप चालू होते, तेव्हा ती ओळखता यावी. त्या कार्यक्रमाच्या यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांत, म्हणजे सोडतीने काहींना कार्यक्रम देऊन इतरांशी तुलना केली तेव्हा, कार्यक्रम चालू असताना एकूण अटका २८ ते ३५ टक्क्यांनी आणि हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. कार्यक्रम संपल्यावर मात्र अटकांवरचा परिणाम टिकला नाही, आणि ज्यांना आठ-दहा सत्रांत माणूस कायमचा बदलेल असे वाटते त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

परिस्थितीच वाईट आहे या आक्षेपाला मला माहीत असलेले सर्वांत ठोस उत्तर लायबेरियातून मिळाले. तेथील राजधानी मनरोव्हियात १८ ते ३५ वयाच्या, गुन्हेगारीत आणि हिंसेत गुंतलेल्या ९९९ पुरुषांसोबत एक प्रयोग झाला. सोडत काढून काहींना ८ आठवड्यांची सीबीटीवर आधारित गट-सत्रे मिळाली, काहींना २०० डॉलरची एकरकमी रोख मदत, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही. नुसत्या रोख रकमेचा परिणाम लवकर विरला. नुसत्या सत्रांचा परिणाम सुरुवातीला चांगला दिसला, पण वर्षभरात ओसरू लागला. ज्यांना सत्रे आणि रोख मदत दोन्ही मिळाले त्यांच्यात बदल टिकला, आणि १० वर्षांनी पाहिले तेव्हाही चोरीसारखी समाजविघातक वागणूक त्यांच्यात सुमारे निम्म्यावर आलेली होती. माझा अर्थ असा की, पैशामुळे त्या तरुणांना नव्या वागण्याचा सराव करायला थोडा काळ मिळाला. पोटासाठी लगेच जुन्या धंद्याकडे वळावे लागले नाही. त्या सत्रांत वर्तन-प्रयोगही होते: नीटनेटके होऊन बँकेत किंवा दुकानात जायचे आणि लोक कसे वागतात ते पाहायचे. ‘मला हाकलून देतील’ हा अंदाज खरा आहे की नाही, हे खोलीत बसून वाद घालण्यापेक्षा दारात उभे राहून कळते.

म्हणून तुमच्या त्या तरुणाला माझ्या वतीने सांगा की तो अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग तुमच्या कामाच्या यादीत लिहा. मानसोपचारतज्ज्ञाच्या हाती सहसा नसते ते समाजकार्यकर्त्याच्या हाती असते: आपण घरमालकाशी बोलू शकतो, ओळखपत्र मिळवून देऊ शकतो, अडकलेल्या मजुरीसाठी अर्ज लिहायला बसू शकतो. वर सांगितलेल्या तरुणाची एका ठिकाणची मजुरी अडकली होती. ती मागायला आम्ही एकत्र गेलो, आणि जाण्याआधी तेच वाक्य, तोच श्वास, तीच खूण यांची उजळणी केली. त्यामुळे मजुरीचे काम हे सत्राबाहेरचे ओझे न राहता सत्राचाच भाग झाले. ज्या आठवड्यात तरुणाला रात्री झोपायला जागा नाही, त्या आठवड्यात विचारनोंद काढणे मला अशोभनीय वाटते. आधी जागा शोधावी, आणि शोधताना वाटेत काय काय मनात आले ते विचारावे.

आता कागद भरून न आणण्याविषयी. सात रकान्यांची विचारनोंद हे प्रशिक्षणात शिकवण्याचे साधन म्हणून उत्तम आहे, पण ज्याला शाळेने नापास म्हणून बाहेर काढले त्याच्या हातात घरचा अभ्यास देणे म्हणजे जुन्या जखमेवर बोट ठेवणे. मी ‘गृहपाठ’ हा शब्दच वापरत नाही. तीन प्रश्न ठेवते: काय झालं, मनात काय आलं, मग काय केलं? उत्तर मोबाइलवर वीस सेकंदांच्या आवाजी निरोपात आले तरी चालते, आणि भावनेची तीव्रता शून्य ते दहा अशा एका आकड्यात सांगितली तरी पुरते. निरोप आला नाही तर भेटीची पहिली दहा मिनिटे तेच काम तेथेच करायचे, कपाळाला आठी न पाडता. न आलेला निरोपही कधी माहिती देतो: “पाठवणार होतो, पण मूर्खपणाचं वाटलं,” असे तरुण म्हणाला तर हवा असलेला आपोआप येणारा विचार समोरच आला.

भेटी चुकण्याबद्दलही तक्रार कमी आणि योजना जास्त हवी. प्रत्येक भेट स्वतःपुरती पूर्ण असावी. पुढची होईलच असे धरून महत्त्वाची गोष्ट पुढे ढकलू नये. पन्नास मिनिटे बसण्याचा आग्रह सोडावा. चालताना, कार्यालयाबाहेर वाट पाहताना, न्यायालयाच्या बाकावर बसून माझी जी सत्रे झाली ती बंद खोलीतील सत्रांपेक्षा सरस होती, कारण प्रसंग ताजा होता आणि आम्ही समोरासमोर न बसता शेजारी बसलो होतो.

जो तरुण दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाही, त्याच्याशी विचारांची चर्चा करू नका. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली नैराश्यावरील उपचाराचे भाग सुटे करून पाहिले, तेव्हा नुसता कृतीला चालना देणारा भाग हा संपूर्ण उपचाराइतकाच परिणामकारक ठरला. विचारांत हात घालण्याची भीती वाटणाऱ्या कार्यकर्त्याला यातून मोठा दिलासा मिळावा. दिवसाची एक वेळ ठरवा, त्या वेळेची एक अगदी लहान कृती ठरवा, ती करण्याआधी आणि केल्यानंतर मनःस्थितीचा आकडा विचारा. ‘इच्छा झाली की करीन’ हा क्रम उलटा आहे, हे त्याला दोन आकड्यांतून दिसले पाहिजे. ते तोंडी सांगून उपयोग नाही.

शब्दांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. ‘सकारात्मक विचार करा’ हे सीबीटी नाही आणि कधीच नव्हते. ही पद्धत अचूक आणि कामाला येणाऱ्या विचारावर भर देते, गोड विचारावर नाही. विचारदोषांची यादी तरुणाच्या हाती देऊन ‘हा तुझा अतिसामान्यीकरणाचा दोष’ (म्हणजे एका अनुभवावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढणे) असे सांगणे मला शाळेतील लाल शाईची आठवण करून देते. ती यादी आपल्या डोक्यात असू द्यावी. तरुणाला विचारायचा प्रश्न मी असा ठेवते: “हा विचार खरा असेलही. तो मनात आल्यावर तू काय करतोस, आणि त्यातून तुला हवं ते मिळतं का?” ज्याला अजून काही बदलायचेच नाही त्याच्यासाठी हाही प्रश्न लवकरचा असतो. तेथे विल्यम मिलर यांनी १९८३ पासून मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत विकसित केलेली प्रेरणा जागवणारी मुलाखत आधी करावी. बदलाची बाजू आपण मांडली की तरुण आपोआप न बदलण्याची बाजू मांडू लागतो, एवढे त्यातले मर्म लक्षात ठेवले तरी बरेच साधते.

मर्यादांविषयी मात्र मोकळीक नाही. चालू असलेल्या मारहाणीत किंवा धमकीत राहणाऱ्या व्यक्तीच्या भीतीवर विचारतंत्र वापरू नये. ती भीती तिचे रक्षण करत असते. तेथे पहिले काम सुरक्षित जागा शोधण्याचे आहे. कोणाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा कोणी दीर्घकाळ भरपूर मद्यपान करून अचानक थांबवणार असेल, तर आधी डॉक्टर. मद्य एकाएकी बंद केल्यावर झटके आणि भ्रम येऊन जीव धोक्यात येऊ शकतो, हे समाजकार्याच्या कित्येक पदवीधरांना सांगावे लागते याचे मला दरवेळी आश्चर्य वाटते. पीएचक्यू-९ ही नैराश्याची तीव्रता पाहणारी नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची प्रश्नावली वापरत असाल तर एकूण गुण काहीही असोत, नवव्या प्रश्नाचे उत्तर त्याच क्षणी पाहावे. तो प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. उत्तर शून्य नसेल तर थेट, साध्या शब्दांत विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. मग सोबत बसून सुरक्षितता आराखडा लिहावा: धोक्याच्या खुणा, स्वतः करता येण्यासारखे काही, मन दुसरीकडे वळवणारी माणसे व ठिकाणे, मदत मागता येईल अशी जवळची माणसे, तज्ज्ञांचे व तातडीचे संपर्क, आणि घातक साधने दूर ठेवण्याची व्यवस्था. हे कागदावर आणि त्याच्या फोनमध्ये दोन्हीकडे असावे, आणि वरिष्ठांना त्याच दिवशी कळवावे.

जुन्या आघातांच्या आठवणी उकरण्याचे कामही थोडक्या प्रशिक्षणावर करू नये. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि स्थिर चौकट लागते. तरुण स्वतःहून बोलू लागला तर ऐकावे, त्याला वर्तमानात आणावे आणि योग्य ठिकाणी सोपवावे, पण सोपवणे म्हणजे चिठ्ठी हातात देणे असा अर्थ करू नये. पहिल्या भेटीला सोबत जावे.

प्रशिक्षणात न शिकवला जाणारा आणखी एक मुद्दा म्हणजे आपली दुहेरी भूमिका. अनेकदा आपणच न्यायालयाला किंवा संस्थेला अहवाल देतो आणि आपणच तरुणाला मन मोकळे करायला सांगतो. काय अहवालात जाईल आणि काय जाणार नाही, हे पहिल्याच भेटीत उघडपणे सांगावे, आणि शक्य असेल तेव्हा अहवाल पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवावा. मी एकदा हे टाळले होते. मुलाने आपल्या मनातील रागाचे वाक्य मला सांगितले, ते माझ्या अहवालात गेले, आणि पुढच्या सुनावणीत त्याने ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. त्यानंतर तो माझ्याशी कधीच बोलला नाही, आणि त्याने योग्यच केले.

गुन्ह्यात सापडलेल्यांसोबतच्या ५८ अभ्यासांचा जो आढावा लँडनबर्गर आणि लिप्सी यांनी २००५ साली घेतला, त्यात सीबीटीने पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण सरासरी एक चतुर्थांशाने घटलेले दिसले, आणि जास्त जोखमीच्या व्यक्तींमध्ये तसेच पद्धत काटेकोरपणे राबवली गेली तेथे परिणाम अधिक होता. म्हणजे ‘फार बिघडलेल्यांना’ वगळून सोप्या मुलांना गटात घेणे हे उफराटे आहे. आणि काटेकोरपणा नियमित पर्यवेक्षणातून येतो. महिन्यातून दोनदा तरी कोणा अनुभवी व्यक्तीसमोर एक भेट जशीच्या तशी सांगावी. तरुणाच्या संमतीने ध्वनिमुद्रण ऐकवता आले तर उत्तम. माझ्या स्वतःच्या मुद्रणांत मला सर्वांत जास्त काय ऐकू आले असेल, तर माझाच आवाज.

तेव्हा त्या तरुणाच्या पुढच्या भेटीला कागद नेऊ नका. “परिस्थिती वाईट आहे, तू म्हणालास ते पटलं. तिच्यातली कोणती एक गोष्ट या आठवड्यात आपण दोघं मिळून हलवू शकतो?” असे विचारा. तो जी सांगेल तिच्यासाठी त्याच्यासोबत जा. वाटेत एखाद्या खिडकीपाशी कोणीतरी त्याच्याशी तुसडेपणाने बोलेल, त्याचे कान तापतील किंवा मूठ वळेल. बाहेर आल्यावर तो क्षण धरून तीन प्रश्न विचारा.